शिवेबाहेरची खोप

माझ्या घरात कण्या शिजत नाहीत. सूनबाईनं मागच्या वर्षी पुण्याहून येताना ज्वारीच्या कण्यांचं एक चकचकीत पाकीट आणलं आणि म्हणाली, आई, याचा उपमा शुगरला फार चांगला. मी म्हटलं, शुगर वाढली तर वाढू दे, मरायचंच तर गोड खाऊन मरेन, पण ते पाकीट तेवढं परत घेऊन जा. बिचारी तोंड एवढंसं करून बसली. तिला वाटलं, सासू खाष्ट आहे. आहेच मी खाष्ट, त्यात तिची काही चूक नाही, पण कण्यांचं कारण वेगळं आहे आणि ते मी आजवर घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायला बसलं की समोरचं माणूस हमखास मधेच "अगं बाई, काय भोगलंस गं" म्हणतं आणि माझं डोकं उठतं. लिहिताना निदान मधे कुणी बोलत नाही.

आमचं गाव पारनेरच्या बाजूचं, डोंगराच्या पायथ्याला. सुप्याच्या फाट्यावर तेव्हा चहाची टपरी आणि एक सायकलचं दुकान होतं. आता तिथं कारखाने चोवीस तास चालतात आणि माझ्या धाकट्या भावाचे, दत्तूचे, टेम्पो त्यांचा माल वाहतात. घर म्हणाल तर एक लांबडी खोली. निम्मीत आम्ही, निम्मीत बैल, मधे कमरेएवढी गव्हाण. झोपताना कानावर बैलांचा रवंथ आणि पहाटे जाग यायची ती त्यांच्या घुंगरांनी. आई आमटीला लसूण-मिरचीची फोडणी द्यायची तेव्हा गव्हाणीपलीकडून हौशा फुर्रकन शिंकायचा आणि आम्ही पोरं हसायचो. त्या घरातलं हसू आठवायला गेलं की मला तेवढंच आठवतं.

हौशा आणि लाख्या ही आमची जोडी. लाख्या साधा, तांबूस, कामाला बरा. हौशा मात्र जातिवंत खिलार, पांढराफेक, अण्णांनी काष्टीच्या बाजारातून आणलेला; आणताना सगळी वाट त्याच्याबरोबर चालत आले होते, टेम्पोत त्याला धक्के बसतील म्हणून. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी आम्हा भावंडांवर कधी हात उगारला नाही, तसा कधी पाठीवरून फिरवलाही नाही. त्यांचा हात फिरायचा तो हौशाच्या वशिंडावरून. संध्याकाळी गव्हाणीशी उभे राहून ते त्याच्या कानात काहीतरी पुटपुटायचे. काय बोलत असतील, याचं मला फार कुतूहल होतं. आईशी त्यांचं बोलणं मीठ जास्त झालंय आणि पोरगं कुठं उलथलंय एवढंच होतं, आणि माझ्याशी त्याहून कमी.

मी दहावीला होते. आमच्या गावातून दहावीपर्यंत पोचलेली मी पहिली पोरगी. रोज खिंड ओलांडून सुप्याच्या शाळेत जायचं आणि यायचं. अण्णांनी शिकू दिलं ते कौतुकानं नाही. शाळेत गेलेल्या पोरीला शिकलेला जावई मिळतो असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं होतं. पण आता चुलत मामाकडचं एक स्थळ चालून आलं होतं, मुलगा ट्रॅक्टर चालवायचा, आणि अण्णांनी सरळ सांगून ठेवलं होतं की परीक्षा दिलीस, पास झालीस तर पुढचं पुढं; न्हाईतर वैशाखात उरकून टाकायचं. म्हणजे त्या एका परीक्षेवर माझं सगळं टांगलेलं होतं. मी दिवसभर भूमितीची प्रमेयं पुटपुटत हिंडायची, आई म्हणायची पोरगी येडी झाली.

होळी झाली आणि बैलांना लाळ्या झाला. आधी हौशाला, मग लाख्याला. तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या, जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, पाय टेकवेना. लाळ्या पसरतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्याच दिवशी चार शहाणी माणसं आमच्या दारात येऊन बसली आणि म्हणाली की जनावरं गावाबाहेर काढा, डोंगराकडच्या रानात नेऊन बांधा, आणि जो कुणी त्यांच्याजवळ राहील त्यानं गावात पाऊल टाकायचं नाही. माणसाच्या अंगाला, कपड्याला, पायाला रोग चिकटून येतो म्हणे. बोलणं खरंही होतं. प्रश्न एवढाच होता की राहायचं कुणी.

अण्णांचा गहू काढणीला आला होता. आईनं घर सोडलं तर चूल पेटणार नव्हती. दत्तू लहान होता आणि घाबरट. मागच्या दारी जायला त्याला सोबत लागायची. सगळ्यांची बोलणी झाली आणि मग अण्णांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "इंदी धीट हाय." तेवढं एकच कौतुक त्यांनी माझं जन्मात केलं आणि त्याचा लगेच कासरा करून माझ्या गळ्यात बांधला. परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. मी रडले नाही, भांडले. तेव्हा ते म्हणाले की अभ्यास रानातबी होतो, आणि परीक्षेच्या आदल्या सांच्याला मी सोता येऊन बैलांपाशी बसतो, तू घरी ये, अंघोळ कर, डोक्याला तेल लाव आणि जा. आईला त्यांनी साक्षीला धरलं. आई म्हणाली, व्हय, म्हनतेत तर येतील.

तर अशी मी रानात राहायला गेले. आमच्या रानाला रान म्हणताना कोकणातली माणसं हसतील. खैर, हिवर, बोरी-बाभळी, मधे मधे निंब आणि पळस, आणि ओढ्याच्या कडेला करंजाची दाटी. अण्णांनी पळसाच्या डहाळ्यांची एक खोप उभी करून दिली, आत एक कांबळं, मडकं, कोयता, घमेलं आणि माझं दप्तर. ओढा आटला होता, पण वाळूत झिरा खणला की पाणी लागायचं. पळस नुसता पेटला होता आणि करंजाला कोवळी पालवी फुटली होती. तित्तर सकाळी असे ओरडायचे की जणू त्यांचंच काहीतरी हरवलंय. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. पाणी आण, सरपण आण, दत्तूला घे, कुणी म्हणत नव्हतं. त्या आठवड्यात माझी पाळी आली तर कुणी बाजूला बस म्हणालं नाही. मी होतेच बाजूला.

काम पुष्कळ होतं. बाभळीच्या सालीचा काढा करून खुरं धुवायची, तुरटीचं पाणी तोंडात मारायचं, लाळ पुसायची, माशा हाकायच्या. हौशाला चारा चावता येत नव्हता, म्हणून मी करंजाच्या सावलीत बसून त्याला पातळ आंबील पाजायची, हातानं, घोटघोट. आंबील पाजताना इतिहास म्हणायची. तोही ऐकायचा. अण्णा त्याच्या कानात काय बोलत असतील ते मला तेव्हा थोडंसं कळलं, म्हणजे काय बोलत असतील ते नाही, तर का बोलत असतील ते. दिवस कलला की पलीकडच्या टेकाडावर एक लांडगा येऊन उभा राहायचा, बैलांकडं बघायचा आणि जायचा. मी शेकोटी मोठी करायची आणि मोठ्यानं इंग्रजीच्या कविता म्हणायची. भीती वाटायची का? वाटायची. फार वाटायची. पण धीट म्हणवून घेतलं होतं ना.

जेवण यायचं ते म्हसोबापाशी. गावातून डोंगराकडं येणाऱ्या वाटेवर, शिवेला, निंबाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड होता. आई तिथं फडकं ठेवायची, मागं सरून उभी राहायची, मग मी पुढं होऊन ते उचलायची. जवळ जायचं नाही, शिवायचं नाही. मधल्या अंतरावरून आम्ही दोघी ओरडून बोलायचो. परवाच्या साथीत लोक टीव्हीवर कळवळून सांगत होते की आईच्या दारात डबा ठेवून लांबूनच हात हलवावा लागला, काय ही वेळ आली माणसावर. मी टीव्ही बंद केला. आमच्याकडं ती वेळ केव्हाच येऊन गेली होती, आणि ती साधीसुधी सोय म्हणून आली होती.

मग शेजारच्या गावात जनावरं पडायला लागली आणि आमच्या गावानं शीव बांधली. हे आता कुणाला माहीत नसेल म्हणून सांगते. गावात रोग येऊ नये म्हणून गुरव गावाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवर हळदीत भिजवलेला सुती दोरा आडवा बांधायचा, नारळ फोडायचा आणि मुदत घालून द्यायचा, यावेळी पुढच्या मंगळवारपर्यंत. तोवर आतलं माणूस बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. गेलं तर मंगळवारपर्यंत तिकडंच राहायचं. गावात तवा चढवायचा नाही, फोडणी द्यायची नाही. नुसतं उकडलेलं खायचं. डोंगराकडच्या वाटेवरचा दोरा म्हसोबाच्या अल्याड, गावाच्या अंगाला बांधला, म्हणजे म्हसोबा, निंब आणि मी, तिघं बाहेर राहिलो. त्या दिवसापासून फडक्यात भाकरी यायची बंद झाली. उकडलेल्या कण्या यायच्या, मिठाच्या, गार झालेल्या, घट्ट वडी पडलेल्या. आई दोऱ्यावरून हात लांबवून त्या दगडापाशी सारायची.

मला हिशेब लगेच कळला. परीक्षा शनिवारी होती. मी दोऱ्याशी उभी राहून अण्णांना बोलवा म्हणाले. ते संध्याकाळी आले, खांद्यावर उपरणं, हाताला गव्हाचं कूस. मी म्हटलं, तुम्ही येणार म्हणाला होतात. ते म्हणाले, तवा दोरा नव्हता. मी म्हटलं, मला घरी यायचंच नाही, परीक्षेची वाट रानातूनच आहे, खिंडीतून. तुम्ही फक्त तुमच्या पेटीतलं माझं हॉल तिकीट आणून द्या आणि बैलांपाशी या. ते म्हणाले की मी भाईर आलो तर मंगळवारपस्तोर भाईरच, गहू झडून जाईल. मी म्हटलं, बरं, येऊ नका, तिकीट तेवढं द्या. त्यावर ते निंबाकडं बघत म्हणाले, "तू गेल्यावर हौशाला कोन बघनार? परीक्षा काय, पुढल्या सालीबी हाय." आणि वळून गेले.

पुढल्या सालाचं काय होणार होतं ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. वैशाखात ट्रॅक्टरवाला होता.

शुक्रवारी संध्याकाळी आई आली तेव्हा मी कण्या उचलल्या, फडकं उलगडलं, झटकलं. वाटलं होतं, आई आहे, ती काहीतरी करील, अण्णांच्या पेटीतून तिकीट काढून फडक्याच्या घडीत घालील. काही नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली की मला वाचाया येतंय का, कंचा कागद काढू. मी म्हटलं, माझा फोटो चिकटवलाय त्याच्यावर. ती वळून गेली. फोटो तर तिला ओळखता येत होता.

त्या संध्याकाळी खोपीत बसून मी पहिल्यांदा रडले. रडता रडता हौशाचे पाय धुवत होते, कारण ते धुवायची वेळ झाली होती. आणि पाय धुता धुता माझ्या डोक्यात एक गोष्ट आली, ती इतकी साधी होती की मला हसू आलं. सगळं गाव कशाला भीत होतं? या दोन बैलांना. आणि बैल कुणाच्या हातात होते?

सकाळी झिऱ्यावर दोघांना पोटभर पाणी पाजलं. हौशा लंगडत होता पण चालत होता. फोड वाळायला लागले होते, बरा होत होता तो. दोघांचे कासरे धरून मी दप्तर पाठीला अडकवलं आणि सरळ म्हसोबापाशी येऊन, बैलांची तोंडं दोऱ्याला लागतील अशी उभी राहिले. लाळ दोऱ्यावर टपकत होती. आधी एका बाईनं बघितलं, तिनं बोंब मारली, आणि बघता बघता तिथं गाव गोळा झालं. प्रत्येकाच्या दावणीला जनावर होतं, कुणाची गाभण गाय, कुणाची नवी जोडी. मी म्हटलं, "माझं तिकीट आना. न्हाईतर दोनीबी बैल गावातनं पानवट्यावर नेते, समद्यांच्या दारावरनं."

आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. लोकांनी आधी चुचकारलं, मग शिव्या दिल्या, मग अण्णांना शिव्या दिल्या. अण्णा आले ते गर्दीतून वाट काढत. त्यांनी मला "इंदे, माघारी फीर" म्हटलं आणि मी कासरा एक हात सैल सोडला. हौशानं धन्याला बघून पाय उचलला. तो दोरा त्याच्या छातीला लागला मात्र, सगळं गाव मागं सरलं. त्या चार शहाण्या माणसांतलाच एक म्हातारा अण्णांना म्हणाला, दे बाबा तिचा कागुद, साऱ्या गावाची दावन मोकळी करतोस का. अण्णा घरी गेले. तिकीट घेऊन आले. त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही. एका दगडाला गुंडाळलं आणि दोऱ्यावरून बैलांच्या पायात फेकलं, जिथं लाळ आणि मूत साचलं होतं. मी वाकून उचललं आणि परकराला पुसलं.

ऊन चढायला लागलं होतं. रानात माघारी जाऊन बैल बांधायचे तर पेपर हुकला असता. मी दोघांना तिथंच निंबाच्या बुंध्याला बांधलं आणि अण्णांना म्हटलं, "बैल हितं हायेत. पानी दाखवा." बाप समोर उभा होता, आई होती, सगळं गाव होतं. त्याहून बिनघोर जागा मला माहीत नव्हती. मी खिंडीकडं पळत सुटले.

परीक्षेच्या वर्गात माझ्या मागच्या मुलीनं बाक मागं ओढलं. माझ्या अंगाला शेणाचा, काढ्याचा, धुराचा वास येत असणार. पर्यवेक्षक बाईंनी माझं तिकीट दोन बोटांत धरून बघितलं आणि कुठून आलीस गं असं विचारलं. मी म्हटलं, रानातनं. वर्ग हसला. पेपर मराठीचा होता आणि निबंध आला होता वसंत ऋतूवर. मी आंब्याचा मोहर लिहिला, कोकिळा लिहिली, पळसाच्या ज्वाला लिहिल्या, सृष्टीनं हिरवा शालू नेसला वगैरे सगळं लिहिलं, तपासणाऱ्याला हवं असतं ते. पुढं पस्तीस वर्षं मी पोरांकडून तो निबंध लिहून घेतला आणि दरवेळी शालूपाशी आले की माझं पेन थांबायचं.

उन्हं कलताना मी खिंड उतरले आणि सरळ म्हसोबाकडं गेले. लांबूनच दिसलं की दोऱ्याच्या आत एका रांगेत माणसं बसली आहेत, अण्णा, आई, दत्तू, शेजारपाजारचे, मयताला बसावीत तशी. बाहेर लाख्या उभा होता, मान खाली घालून. हौशा आडवा पडला होता, संपला होता; लाळ्यातून उठणाऱ्या जनावराला ऊन सोसत नाही, हे मला मागाहून कळलं. निंबाला नुकती तांबूस पालवी आली होती, तिची सावली ती कसली, आणि होती तीही सकाळीच सरकून गेली होती. कासरा बुंध्याशी ताणून ताठ झाला होता. हौशाचं तोंड गावाकडं होतं. दोऱ्याला अगदी लागून, बाहेरच्या अंगाला, एक भरलेली बादली होती. आईनं ती दोऱ्यावरून हात पुरेल तेवढी बाहेर सारली होती. ती हौशापासून दोन हात लांब राहिली होती. त्यानं खुरानं माती उकरली होती, तिथपर्यंत पोचायला.

दिवसभर ही माणसं तिथं बसून होती. एकानंही दोरा ओलांडला नाही. ओलांडला असता तर काय झालं असतं? मंगळवारपर्यंत बाहेर राहावं लागलं असतं, रानात, खोपीत, गार कण्या खात. जिथं त्यांनी मला ठेवलं होतं तिथं तीन रात्री काढायची त्यांच्यातल्या कुणाचीच तयारी नव्हती. अण्णांचा जीव होता त्या बैलावर. तो डोळ्यांसमोर तडफडताना त्यांनी बघितला, पण उठले नाहीत; मी परत येऊन बघावं म्हणून बसून राहिले. माझ्यावरचा राग त्यांनी हौशावर काढला. आणि आई? आईनं ओलांडला असता तर ती माझ्याजवळ राहिली असती. इतक्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं, फक्त कुणीतरी तो दोरा ओलांडून माझ्याजवळ यावं एवढंच हवं होतं. बैलासाठी आली असती तरी चाललं असतं.

मी जवळ गेले. अण्णांनी वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "झाला पेपर?"

मी बादली उचलली आणि लाख्याच्या तोंडाशी धरली. त्यानं ती एका दमात संपवली. मग त्याला घेऊन मी खोपीकडं गेले. इंग्रजीचा अभ्यास करायचा होता.

हौशा तिथंच पडून राहिला, कारण मंगळवारपर्यंत त्याला ओढून न्यायलाही कुणी बाहेर येऊ शकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गिधाडं उतरली. तेव्हा आमच्याकडं गिधाडं असायची; आता औषधालासुद्धा दिसत नाहीत. माझं जेवण तिथंच, त्याच्यापासून चार पावलांवरच्या दगडापाशी ठेवलेलं असायचं. नाक दाबून मी जायची, फडकं उचलायची आणि वारा ज्या बाजूनं येत असेल तिकडं तोंड करून खायची. कण्यांना तो वास लागला, म्हणजे माझ्या तोंडात लागला, आणि तो आजतागायत गेलेला नाही. लाख्याला झिऱ्याशी लांब दाव्यानं सावलीत बांधून मी पेपर दिले, मंगळवारी दोरा सुटला तरी शेवटचा होईपर्यंत खोपीतूनच गेले. घरी ये असं मला कुणी म्हणालं नाही, आणि मीही गेले नाही.

लोकांना वाटतं, एवढं वय झाल्यावर माणसानं म्हणावं की माझंही चुकलंच. मी म्हणणार नाही. मी बैल बांधला होता आणि पाणी दाखवा म्हणून सांगितलं होतं. बस्स.

मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. ट्रॅक्टरवाल्याला अण्णांनी स्वतःच नाही म्हणून कळवलं. मला आश्चर्य वाटलं, पण नगरला डी.एड.च्या वसतिगृहात मला पोचवायला आले तेव्हा त्याचा उलगडा झाला. तिथल्या कारकुनाला ते खुर्चीत टेकून सांगत होते की, पोरीच्या शिक्षनापायी खिलारी बैल घालवला बघा आमी. कारकून आदरानं त्यांच्याकडं बघत होता. मी शेजारी वळकटी घेऊन उभी होते. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. तिथून पुढं ती गोष्ट वाढतच गेली. माझ्या लग्नात सांगितली, नोकरी लागली तेव्हा पेढे वाटताना सांगितली, आणि सांगता सांगता अण्णांना ती खरीच वाटायला लागली. मरायच्या आधी एकदा हौशाच्या आठवणीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला म्हणाले, तुझ्यासाठी दिला गं त्याला. मी औषधाची गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

माझा निरोप समारंभ शाळेत झाला तेव्हा अण्णा नव्हते. पण दत्तू होता, पांढऱ्या शर्टात, माइक हातात घेऊन. त्यानं सांगितलं की आमच्या वडिलांनी ताईच्या शिक्षणासाठी दारातला खिलार बैल घालवला, असा बाप होणे नाही. सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. तो त्या दिवशी दोऱ्याच्या आत बसला होता, सगळं बघत. आणि पहिल्या रांगेत, खुर्चीत, माझी आई बसली होती, आता अगदी वाळून गेलेली, आणि तीही टाळ्या वाजवत होती.

रात्री मी तिला जेवायला वाढलं. मऊ भात, लसणाच्या फोडणीचं वरण. ती जमिनीवरच बसते, भिंतीला टेकून. एकदा बसली की कुणी हात दिल्याशिवाय तिला उठता येत नाही. मी विचारलं, आई, टाळ्या कशाला वाजवल्यास? ती म्हणाली, "मग काय खोटं बोलला दत्तू? बैल गेलाच की." आणि थोडा भात कालवून झाल्यावर, खाली बघतच म्हणाली, "बादली भरून ठिवली हुती मी."

पाण्याचा तांब्या मी भरला होता, तो ठेवायला वाकले आणि ठेवला तिच्यापासून दोन हात लांब. समोर बसले. तिला घास कोरडा लागला असावा. ती तांब्याकडं बघायची, माझ्याकडं बघायची, पण मागितलं नाही तिनं. मी सरकवला तो तिच्याजवळ. पण लगेच नाही.